व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण (अध्ययनसाधन)

व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण म्हणजे महाविद्यालयात किंवा विद्यापीठात चाललेल्या अध्यापनाचा आवाज यंत्राच्या साहाय्याने नोंदवणे व पुढे अभ्यासासाठी तो पुन्हा ऐकणे. त्यासाठी पूर्वी फितीचा टेपरेकॉर्डर व कॅसेट वापरीत. पुढे खिशात मावणारा डिजिटल व्हॉइस रेकॉर्डर आला आणि आता बहुतेक विद्यार्थी मोबाइल फोनच वापरतात. संस्थेने स्वतः तयार करून प्रसारित केलेले पाठ आणि विद्यार्थ्याने वर्गात बसून स्वतःपुरते केलेले मुद्रण या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेख मुख्यतः दुसऱ्या प्रकाराविषयी आहे. हे साधन दृष्टिबाधित विद्यार्थी, नोकरी सांभाळून शिकणारे विद्यार्थी आणि मराठी माध्यमातून येऊन इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसणारे विद्यार्थी यांना विशेष उपयोगी पडते. शिक्षकाची अनुमती, स्वामित्वहक्क आणि वर्गातील मोकळ्या चर्चेचे रक्षण हे प्रश्नही त्याच्याशी निगडित आहेत.

पूर्वपीठिका

बोललेला शब्द टिकवून ठेवण्याची गरज यंत्रापेक्षा फार जुनी आहे. मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानला जाणारा ‘लीळाचरित्र’ हा श्रोत्यांच्या स्मरणावर उभा आहे. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटाने तेराव्या शतकात त्यांच्या शिष्यांना गाठून आठवणी मिळवल्या आणि त्या लिहून काढल्या. ‘ज्ञानेश्वरी’ हे मूलतः श्रोत्यांसमोर केलेले निरूपण असून ते सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले, अशी परंपरा आहे. या दोन्ही उदाहरणांत वक्ता आणि ग्रंथ यांच्यामध्ये एक ऐकणारा माणूस उभा आहे. त्याने जे ऐकले व जसे समजून घेतले, तेच पुढच्या पिढ्यांना मिळाले.

विद्यापीठीय व्याख्यानांच्या बाबतीतही दीर्घकाळ हीच स्थिती होती. आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया घालणारे फेर्दिनां द सोस्यूर यांनी १९०६ ते १९११ या काळात जिनिव्हा येथे तीन वेळा सामान्य भाषाविज्ञानाचा अभ्यासक्रम शिकवला, परंतु त्यावर स्वतः पुस्तक लिहिले नाही. त्यांच्या निधनानंतर विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांवरून सहकाऱ्यांनी १९१६ साली ग्रंथ सिद्ध केला. त्यातील कोणता विचार सोस्यूर यांचा आणि कोणता संपादकांचा, याची चर्चा अभ्यासकांत अद्याप चालू आहे. याउलट रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ या काळात कॅलिफोर्निया येथे दिलेली भौतिकशास्त्राची व्याख्याने फितीवर मुद्रित झाली होती व फळ्याची छायाचित्रेही घेतलेली होती. त्यांवरून तयार झालेले तीन खंड जगभर पाठ्यपुस्तक म्हणून वापरले गेले. शंका आल्यास मूळ आवाजाकडे जाता येते, हा दोहोंतील महत्त्वाचा भेद होय.

मुंबईत याच्याशी मिळतेजुळते एक उदाहरण विद्यापीठाबाहेरचे आहे. खेतवाडीत राहणारे निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) आपल्या घरी जिज्ञासूंशी मराठीत संवाद करीत. हे संवाद फितीवर मुद्रित केले गेले. मॉरिस फ्रीडमन यांनी त्यांचा केलेला इंग्रजी अनुवाद १९७३ साली मुंबईत ‘आय ॲम दॅट’ या नावाने प्रसिद्ध झाला. टेपरेकॉर्डर नसता तर खेतवाडीतील ते बोलणे एवढ्या विस्ताराने जगापुढे जाणे कठीण होते.

यंत्रांचा इतिहास

थॉमस एडिसन यांनी १८७७ साली फोनोग्राफ तयार केला. पुढील वर्षी लिहिलेल्या एका लेखात त्यांनी या यंत्राचे संभाव्य उपयोग सांगितले. अंधांसाठी बोलकी पुस्तके आणि शिक्षकाचे स्पष्टीकरण जपून ठेवून विद्यार्थ्याला हवे तेव्हा ऐकवणे हे दोन्ही उपयोग त्या यादीत आहेत. गाणे ऐकण्यासाठी लोकप्रिय झालेल्या या यंत्राच्या जन्मदात्याच्या मनात वर्गखोलीही होती, हे सहसा सांगितले जात नाही. डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सन यांनी १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकीय पद्धतीने आवाज नोंदवून दाखवला. जर्मनीत १९३५ साली फितीवर चालणारा ‘मॅग्नेटोफोन’ लोकांपुढे आला. तरीही ही यंत्रे जड व महाग असल्यामुळे नभोवाणी केंद्रे आणि मोठ्या संस्था यांच्यापुरतीच राहिली.

विद्यार्थ्याच्या हाती ध्वनिमुद्रण आले ते कॅसेटमुळे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिन येथील प्रदर्शनात छोटी कॅसेट व तिचे यंत्र मांडले. या कॅसेटमधील फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या गतीने सरकते. ‘सी-६०’ कॅसेटच्या प्रत्येक बाजूवर ३० मिनिटे व ‘सी-९०’ कॅसेटच्या प्रत्येक बाजूवर ४५ मिनिटे मावत. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील ४८ मिनिटांच्या तासिकेला ‘सी-९०’ची एक बाजू नेमकी तीन मिनिटे अपुरी पडे. तास संपता संपता शिक्षक सारांश सांगत असताना यंत्राची कळ खट् असा आवाज करून वर उडे आणि फीत उलटण्याची धांदल उडे. ‘सी-१२०’ कॅसेट वेळेच्या दृष्टीने पुरेशी होती, पण तिची फीत फार पातळ असल्यामुळे ती यंत्रात अडकून गुंतण्याची भीती असे. गुंतलेली फीत पेन्सिलीने गुंडाळून पूर्ववत करणे हे त्या पिढीचे एक नित्याचे कौशल्य होते.

भारतात १९८०च्या दशकात कॅसेटचा प्रसार झपाट्याने झाला. कॅसेट स्वस्त झाल्या, कीर्तने, प्रवचने, नाटके व लोकगीते घरोघरी पोहोचली आणि व्याख्यानमालांतून टेपरेकॉर्डर दिसू लागले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आणि तिच्या धर्तीवर महाराष्ट्रभर उभ्या राहिलेल्या व्याख्यानमाला यांमुळे तासभर बसून ऐकण्याची सवय मराठी समाजाला पूर्वीपासून होती. ऐकलेले घरी नेण्याची सोय या यंत्राने केली. मात्र एकदा वापरलेल्या कॅसेटवर पुन्हा दुसरे मुद्रण करणे ही काटकसरीच्या घरातील सर्वसाधारण रीत होती. त्यामुळे त्या काळातील असंख्य व्याख्याने पुढच्या परीक्षेच्या तयारीखाली पुसली गेली.

ऑलिम्पस कंपनीने १९६९ साली आणलेली मायक्रोकॅसेट भारतात प्रामुख्याने पत्रकार व कार्यालये यांच्यापुरती राहिली. १९९०च्या दशकापासून फितीऐवजी इलेक्ट्रॉनिक स्मृतिपटलावर आवाज साठवणारे रेकॉर्डर मिळू लागले, आणि स्मार्टफोन आल्यावर वेगळ्या यंत्राची गरज बहुतेकांना उरली नाही.

मोहने व कल्याण परिसर

मोहने हे ठाणे जिल्ह्यातील कल्याण तालुक्यात, उल्हास नदीकाठी वसलेले गाव असून ते कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत येते. मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील आंबिवली हे त्याचे जवळचे स्थानक आहे. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन (एन.आर.सी.) या कारखान्यामुळे मोहन्याला औद्योगिक वस्तीचे रूप आले. हा कारखाना २००९ साली बंद पडला आणि त्यावर अवलंबून असलेल्या हजारो कुटुंबांचे नियमित वेतन थांबले. अशा वस्तीत पदवीचे शिक्षण आणि नोकरी या दोन गोष्टी अनेकदा एकाच वेळी कराव्या लागतात, आणि व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणाचा विचार येथे केवळ सोयीच्या दृष्टीने करता येत नाही.

परिसरातील विद्यार्थ्यांना पदवीसाठी कल्याणची महाविद्यालये जवळची आहेत. त्यांपैकी बिर्ला महाविद्यालय १९७२ साली सुरू झाले. विद्यापीठातील पदव्युत्तर विभागांत शिकायचे असल्यास मात्र प्रवास लांबतो. मुंबई विद्यापीठाचे बहुतेक विभाग कालिना येथील विद्यानगरीत आहेत. त्यासाठी आंबिवलीहून लोकलने कुर्ल्यापर्यंत जाऊन पुढे बस वा रिक्षा करावी लागते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आंबिवलीपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. कसारा मार्गावरील गाड्या कल्याणपर्यंतच्या गाड्यांच्या मानाने विरळ असल्यामुळे एक गाडी चुकली की पहिली तासिका हातची जाते. ठाण्यात बाळकुम येथे विद्यापीठाचा उपपरिसर झाल्याने काही अभ्यासक्रमांपुरते हे अंतर कमी झाले आहे. विद्यापीठाची पत्रद्वारा शिक्षणाची सोय १९७१ पासून आहे. तिच्या विद्यार्थ्यांना मोजकीच संपर्क-व्याख्याने मिळत असल्यामुळे त्यांना प्रत्येक व्याख्यानाचे मोल अधिक असते.

दोन्ही बाजूंचा प्रवास मिळून दिवसाचे तीन तास लोकलमध्ये जात असतील, तर तो वेळ ऐकण्यासाठी वापरावा असा विचार साहजिकच येतो. गर्दीच्या वेळी डब्यात वही उघडणे अशक्य असते. कानात इअरफोन घालणे मात्र शक्य असते. तरीही येथे मर्यादा आहे. चालत्या गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज फार मोठा ठेवल्यास कानांना इजा होऊ शकते, शिवाय उभ्याने ऐकलेले अवघड विवेचन पूर्ण समजतेच असे नाही. एकदा वर्गात समजलेल्या भागाची उजळणी गाडीत होऊ शकते. न समजलेला भाग समजून घेण्यासाठी टेबल, वही आणि शांतता लागते.

मुद्रणाचे तंत्र

चांगल्या मुद्रणात यंत्राच्या किमतीपेक्षा त्याच्या जागेला अधिक महत्त्व असते. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. म्हणून शिक्षकापासून दोन मीटरवर ठेवलेला साधा फोन आठ मीटरवरील महागड्या रेकॉर्डरपेक्षा स्पष्ट मुद्रण करतो. बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाजही मिसळतो, त्यामुळे मागील बाकावरील मुद्रणात शब्द घुमतात. कल्याण परिसरातील वर्गांत छताचे पंखे व उघड्या खिडक्यांतून येणारा रस्त्याचा आवाज या नेहमीच्या अडचणी आहेत. पंख्याच्या थेट झोतात यंत्र ठेवल्यास सबंध तासभर केवळ वाऱ्याची घरघर ऐकू येते. फोन बाकावर नुसता ठेवला तर पेन ठेवल्याचे, बाक सरकल्याचे आवाज लाकडातून थेट त्याच्यात शिरतात. खाली घडी केलेला रुमाल ठेवल्याने ते बरेच कमी होतात.

फाइलचे आकारमान मुद्रणाच्या प्रकारावर अवलंबून असते. सेकंदाला १२८ किलोबिट या दराच्या एम.पी.थ्री. मुद्रणास तासाला सुमारे ५८ मेगाबाइट जागा लागते, ६४ किलोबिट दराने निम्मी. असंपीडित स्टीरिओ मुद्रणास तेवढ्याच वेळासाठी ६३५ मेगाबाइट लागतात. बोलण्याच्या मुद्रणाला संगीताइतक्या सूक्ष्मतेची आवश्यकता नसल्याने ६४ किलोबिटचा एकमार्गी आवाज अभ्यासास पुरेसा ठरतो. फोनवर मध्येच आलेला कॉल मुद्रण थांबवू शकतो, म्हणून आधी विमान-अवस्था चालू करणे श्रेयस्कर.

फाइलच्या नावात दिनांक, विषय, शिक्षक व घटक लिहिणे ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट वर्षअखेरीस निर्णायक ठरते. फोन स्वतःहून देतो त्या आकड्यांच्या नावांनी साठलेल्या दीडशे फाइलींतून हवा असलेला तास शोधणे जवळजवळ अशक्य असते.

अध्ययनातील उपयोग व मर्यादा

सामान्यतः शिक्षक मिनिटाला शंभराहून अधिक शब्द बोलतात, तर हाताने लिहिण्याचा वेग त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असतो. त्यामुळे टिपणे घेणाऱ्याला निवड करावीच लागते. फ्रान्सिस डी व्हेस्टा व सूझन ग्रे यांनी १९७२ साली टिपणांची दोन कार्ये वेगळी दाखवली. लिहिताना मन मजकुरावर प्रक्रिया करते, हे एक. लिहिलेले पुढे पाहण्यास उपलब्ध राहते, हे दुसरे. ध्वनिमुद्रण यांपैकी दुसरे कार्य पूर्णत्वाने करते. पहिले ते मुळीच करीत नाही. यंत्र चालू आहे या भरवशावर वही मिटून बसलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत व्याख्यान यंत्राने ऐकलेले असते.

पाम म्यूलर व डॅनियल ओपेनहायमर यांच्या २०१४ मधील प्रयोगांत लॅपटॉपवर शब्दशः टंकन करणाऱ्यांपेक्षा हाताने टिपणे घेणाऱ्यांनी संकल्पनात्मक प्रश्नांची उत्तरे अधिक चांगली दिली. नंतर इतर संशोधकांनी तेच प्रयोग पुन्हा केले असता हा फरक तितका ठळक आढळला नाही. हे संशोधन टंकनाविषयी आहे, ध्वनिमुद्रणाविषयी नाही. त्याचा दाखला देऊन मुद्रणाला सरसकट विरोध केला जातो, तो सयुक्तिक नाही.

सर्वांत मोठी अडचण वेळेची असते. दिवसाला ४८ मिनिटांच्या चार तासिका मुद्रित केल्यास त्या पुन्हा ऐकण्यास ३ तास १२ मिनिटे लागतात. मोहन्याहून ये-जा करून संध्याकाळी काम करणाऱ्या विद्यार्थ्याकडे एवढा वेळ उरत नाही. फाइली साठत जातात आणि परीक्षेच्या तोंडावर त्यांचा डोंगर उभा राहतो. यावर व्यवहार्य उपाय असा, की वर्गात नेहमीप्रमाणे टिपणे घ्यावीत, जेथे समजले नाही किंवा लिहायचे राहिले तेथे समासात यंत्रावरील वेळ लिहावी, आणि त्याच दिवशी केवळ तेवढेच तुकडे ऐकावेत. तासाभराच्या व्याख्यानात असे तुकडे मिळून दहा मिनिटांपेक्षा अधिक क्वचितच भरतात. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली दाखवून दिले, की विस्मरण पहिल्या काही तासांत सर्वाधिक वेगाने होते. त्यामुळे महिन्याने ऐकलेल्या सबंध तासापेक्षा त्या संध्याकाळची दहा मिनिटे अधिक कामी येतात.

गती वाढवून ऐकणे हा दुसरा मार्ग आहे. दीडपट गतीने वरील चार तासिका १२८ मिनिटांत संपतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत डिलन मर्फी व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०२१ साली प्रकाशित झालेल्या अभ्यासात दुप्पट गतीपर्यंत व्याख्यानचित्रफिती पाहूनही आकलनात फारशी घट दिसली नाही. मात्र ते विद्यार्थी परिचित भाषेतील व्याख्याने ऐकत होते. अपरिचित भाषेतील व्याख्यानाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

विषयपरत्वेही फरक पडतो. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान व कायदा या विषयांत विवेचन शब्दांतून होते. गणित, रसायनशास्त्र, अभियांत्रिकी यांत ते फळ्यावर होते, आणि ‘हे पद इकडून तिकडे नेले की हे येते’ असे वाक्य नुसते ऐकून काहीच उलगडत नाही. अशा विषयांत फळ्यावरील मजकूर वहीत उतरवून त्याच्या शेजारी मुद्रणाची वेळ लिहिल्याशिवाय मुद्रणाचा उपयोग होत नाही.

भाषांतराचा उंबरठा

दहावी-बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी विज्ञान, वाणिज्य अथवा अभियांत्रिकी शाखेत गेल्यावर एकाएकी इंग्रजी व्याख्यानांना सामोरा जातो. त्याची अडचण विषयाची नसते. ‘गतिज ऊर्जा’ त्याला ठाऊक असते, पण तिचे इंग्रजी नाव कानावर पडले की ती ओळखू येण्यास क्षणभर लागतो आणि तेवढ्या क्षणात शिक्षक पुढच्या वाक्यावर गेलेले असतात. छापील शब्द कोशात पाहता येतो. ऐकलेला आणि निसटलेला शब्द पाहता येत नाही, कारण त्याचे स्पेलिंगच माहीत नसते. मुद्रण असल्यास तो शब्द चार वेळा ऐकून, वर्गमित्राला ऐकवून, वहीत मराठी प्रतिशब्दासह नोंदवता येतो. पहिल्या सत्रात असा शंभर-दीडशे शब्दांचा संग्रह झाला की पुढे मुद्रणाची गरज झपाट्याने कमी होते. या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ध्वनिमुद्रण ही कायमची कुबडी नसून काही महिन्यांचा आधार असतो. आळसाचे साधन म्हणून त्याकडे पाहणारे ही बाजू बहुधा लक्षात घेत नाहीत.

दृष्टिबाधित विद्यार्थी

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी ध्वनिमुद्रण हे अध्ययनाचे एक प्रमुख माध्यम आहे. ब्रेल लिपीतील पाठ्यपुस्तके शालेय स्तरावर मिळतात. पदवी व पदव्युत्तर स्तरावर, विशेषतः मराठीत, ती दुर्मीळ होत जातात. १९५२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंध संघाने (नॅब) मुंबईत बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय चालवले. पुण्यात मीरा बडवे यांच्या निवांत अंध मुक्त विकासालयाने महाविद्यालयीन दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी अभ्याससामग्री उपलब्ध करून देण्याचे काम केले आहे. मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी स्वतंत्र साहाय्य केंद्र आहे. पुस्तक वाचून मुद्रित करणारे स्वयंसेवक हा अशा सर्व कामांचा कणा असतो. वर्गातील व्याख्यानाचे मुद्रण ही मात्र विद्यार्थ्याला कोणावरही विसंबून न राहता स्वतः मिळवता येणारी सामग्री आहे.

अमेरिकेत १९७३च्या पुनर्वसन अधिनियमाखालील नियमांनी महाविद्यालयांना अपंग विद्यार्थ्यांवर वर्गात टेपरेकॉर्डर वापरण्यास बंदी घालण्याची मनाई केली. भारतातील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये टेपरेकॉर्डरचा असा स्वतंत्र उल्लेख नाही. तथापि शैक्षणिक संस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय उपलब्ध करून द्यावी, असे तो सांगतो, आणि व्याख्यान मुद्रित करू देणे ही सर्वांत कमी खर्चाची सोय आहे. पुस्तकांच्या बाबतीत २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क अधिनियमात अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातील प्रती करण्याची मुभा दिली. दृष्टिबाधितांसाठीच्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता (२०१४).

कायदेशीर बाजू

विद्यार्थ्याने व्याख्यान उतरवून घेणे आणि ते प्रसिद्ध करणे यांतील भेद न्यायालयांनी यंत्रे येण्यापूर्वीच स्पष्ट केला होता. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यविशारद जॉन ॲबरनेथी यांची व्याख्याने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापली, तेव्हा ते न्यायालयात गेले. १८२५ साली लॉर्ड एल्डन यांनी छपाईस मनाई केली. विद्यार्थ्याने स्वतःच्या ज्ञानासाठी सर्व काही लिहून घ्यावे, नफ्यासाठी ते प्रसिद्ध करू नये, असा त्या निर्णयाचा आशय होता. ग्लासगो येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक एडवर्ड केअर्ड यांच्या प्रकरणात १८८७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने हेच तत्त्व कायम केले. वर्गातील विद्यार्थ्यांपुढे बोलणे म्हणजे आपले विवेचन जनतेच्या स्वाधीन करणे नव्हे, असे त्यात ठरले.

भारताचा स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचतो. त्यातील ‘प्रयोगकर्ता’ या संज्ञेच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी यांच्या पंक्तीस व्याख्यान देणारी व्यक्तीही आहे. कोणा शिक्षकाला ही पंगत विनोदी वाटेल, पण तिच्यामुळे त्याला स्वतंत्र अधिकार मिळतो. त्याच्या व्याख्यानाचे मुद्रण करणे व त्या मुद्रणाच्या प्रती लोकांत पसरवणे यांवर त्याचे नियंत्रण असते आणि ते ५० वर्षे टिकते. याच अधिनियमाच्या कलम ३९ नुसार, मुद्रण करणाऱ्याच्या खासगी वापरासाठी किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाने या अधिकाराचा भंग होत नाही. म्हणजे स्वतःच्या अभ्यासासाठी केलेले मुद्रण आणि ते समाजमाध्यमांवर टाकणे किंवा विकणे यांच्यामध्ये कायद्याने रेषा ओढलेली आहे. व्हॉट्सॲप वा टेलिग्रामवरील शेकडो सभासदांच्या गटात फाइल टाकणाऱ्याला ‘खासगी वापर’ हा बचाव करणे अवघड जाईल.

कायदा मुभा देतो म्हणून महाविद्यालयाला वर्गातील शिस्तीचे नियम करता येत नाहीत, असे नाही. वर्गात फोन वापरण्यास मनाई असल्यास ती विद्यार्थ्यावर बंधनकारक असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तर शिक्षकाच्या संमतीविना वर्गात मुद्रणयंत्र वापरण्यास कायद्यानेच मनाई आहे, मात्र अपंग विद्यार्थ्यांच्या आवश्यक सोयीचा अपवाद त्यात ठेवलेला आहे. उपस्थितीचा नियमही मुद्रणाने शिथिल होत नाही. मुंबई विद्यापीठात अपेक्षित असलेली ७५ टक्के उपस्थिती प्रत्यक्षच भरावी लागते.

शिक्षकांचे व सहाध्यायांचे आक्षेप

शिक्षकांचा आक्षेप अनेकदा हक्कापेक्षा भीतीपोटी असतो, आणि ती भीती निराधार नाही. वर्गात समजावून सांगताना शिक्षक प्रतिपक्षाची बाजूही आवेशाने मांडतो, उपरोधाने बोलतो, इतिहासातील वा धर्मातील वादग्रस्त विषयाला हात घालतो. तासातील अर्ध्या मिनिटाचा तुकडा मागचापुढचा संदर्भ तोडून फिरवला, तर त्यातून भलताच अर्थ निघतो. यंत्र समोर असल्याचे जाणवताच सावधपणे, केवळ पाठ्यपुस्तकापुरते बोलण्याची प्रवृत्ती वाढते आणि तास नीरस होतो. पाठ शिकवण्यावर उपजीविका असलेल्या खासगी शिकवणीच्या शिक्षकांचे आर्थिक नुकसानही मुद्रणांच्या बेकायदा विक्रीने होते.

सहाध्यायांचा विचार त्याहून कमी होतो. चर्चेत चुकीचे उत्तर देणारा, स्वतःच्या घरचा अनुभव सांगणारा विद्यार्थीही मुद्रित होत असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला आहे. परिसंवाद वा चर्चासत्राच्या तासाला मुद्रण न करणे, आणि केल्यास चर्चा सुरू होताच यंत्र थांबवणे, हा संकेत पाळण्यास काहीच खर्च नाही. शिक्षकाची अनुमती सत्राच्या आरंभी एकदाच, कारण सांगून मागितली असता बहुधा मिळते. बाकाखाली लपवलेला फोन सापडल्यावर मात्र साऱ्या वर्गाचीच मुभा जाते.

संस्थांनी केलेली मुद्रणे

विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर उच्च शिक्षणाचे कार्यक्रम सुरू केले. त्यांच्या निर्मितिकेंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठात आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. आय.आय.टी. संस्थांच्या व्याख्यानांचा ‘एन.पी.टी.ई.एल.’ हा प्रकल्प २००३ साली व केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. मुंबई आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने संगणकविषयक छोटे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिबद्ध केले आहेत. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे महाविद्यालये बंद झाल्यावर दूरस्थ तासांचे मुद्रण शिक्षकच करून ठेवू लागले आणि कित्येक वर्गांत अनुमतीचा प्रश्न काही काळ मागे पडला. ही सामग्री विपुल असली तरी विशिष्ट अभ्यासक्रमाला धरून, विशिष्ट वर्गाच्या शंकांना उत्तर देत शिकवलेल्या तासाची जागा ती पूर्णपणे घेत नाही.

ध्वनीचे लिपीत रूपांतर

मुद्रित व्याख्यानाचे आपोआप लेखन करून देणाऱ्या आज्ञावली अलीकडे मराठीसाठीही मिळू लागल्या आहेत. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये बोलून टंकन करण्याच्या सोयीत मराठीचा समावेश केला. केंद्र शासनाचा ‘भाषिणी’ हा प्रकल्प २०२२ पासून भारतीय भाषांसाठी अशी साधने पुरवतो. लेखनरूप मिळाले की मुद्रणात शब्द शोधता येतो आणि वेळेची अडचण पुष्कळ कमी होते. प्रमाण मराठीत संथपणे बोललेला मजकूर बऱ्यापैकी उतरतो. कल्याण-ठाण्याच्या वर्गांत मात्र एकाच वाक्यात क्रियापद मराठी, संज्ञा इंग्रजी आणि मधला शेरा हिंदी अशी भाषा सर्रास ऐकू येते. अशा वाक्यातील इंग्रजी संज्ञा यंत्र कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, तर कधी जवळपासच्या उच्चाराचा भलताच मराठी शब्द घालून लिहिते. त्यामुळे अशा लेखनाची एक प्रत मूळ आवाजाशी ताडून दुरुस्त करावी लागते. विषय समजलेल्या विद्यार्थ्याला एका तासिकेच्या दुरुस्तीस साधारणतः त्या तासिकेहून अधिक वेळ लागतो, म्हणून काही वर्गांत विद्यार्थी तासिका आपापसांत वाटून घेतात.